आकडे जुळत नसतील तर सीमाखांब रोवू नका (तराईतल्या मोजणीबद्दल विचारणाऱ्या गडहिंग्लजच्या मित्रासाठी)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मोजणी खात्यातली पहिलीच नेमणूक, तीही नेपाळ सीमेवर तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यात. यादीतले काही सीमाखांब जागेवर सापडत नाहीत. खांबांचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, नेपाळच्या टीमचे आणि आपले काही मीटरनी हुकतात. जुन्या नोंदी मागितल्या तर कार्यालय दाद देत नाही, आणि वरून सीझन संपायच्या आत उरका म्हणून तगादा. शेवटी तुम्ही विचारलंय, आपल्या जीपीएस रिसीव्हरवर जो आकडा येतो तिथे खांब रोवून मोकळं व्हावं का?

नाही. अजिबात रोवू नका.

मी याच खात्यात नोकरी केली, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्या सीमेवरच्या संयुक्त कामात होतो, आता कोल्हापुरात निवृत्त आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं आम्ही भोगलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. मात्र मी बाहेर पडल्यावर कार्यपद्धती बदलली असू शकते. तुमच्या पार्टीप्रमुखाचा लेखी आदेश आणि माझं म्हणणं यांत फरक पडला तर आदेश पाळा. आणि खांबांचे आकडे किंवा नकाशाचे फोटो इथे टाकू नका. पोस्टमधला तो एक स्क्रीनशॉट आधी काढून टाका.

बेस कसा लावायचा, ट्रॅव्हर्स कसा बंद करायचा, हे तुम्हाला येतं असं धरतो.

आधी हे डोक्यात पक्कं ठेवा की रेषा ठरवण्याचं काम तुमचं नाही. ते कागदावर होऊन गेलंय. १८१६ चा सुगौलीचा तह, १८६० मध्ये नेपाळला परत गेलेली पश्चिम तराई, मग खांबांच्या रांगा. पुढे १९८१ ते २००७ दोन्ही देशांच्या संयुक्त तांत्रिक समितीने सीमा पायाखाली घालून १८२ स्ट्रिप मॅप (सीमेलगतच्या पट्ट्याचे नकाशे) तयार केले. कालापानी आणि सुस्ता ही वादातली ठिकाणं सोडून साधारण ९८ टक्के सीमा त्यांत आली. २०१४ पासून जो संयुक्त सीमा कार्यगट आहे, भारताचे महासर्वेक्षक आणि नेपाळच्या नापी (मोजणी) विभागाचे महानिर्देशक ज्याचे प्रमुख, त्याच्याकडे खांब बांधणं, दुरुस्त करणं, दशगजा (सीमारेषेलगत रिकामा ठेवायचा पट्टा) मोकळी करणं आणि सीमा ओलांडून झालेल्या वहिवाटीची नोंद घेणं एवढंच काम आहे. म्हणजे दोघांनी मान्य केलेली रेषा जमिनीवर पुन्हा उभी करायची. ज्या क्षणी तुम्ही एकट्याच्या आकड्यावर खांब रोवता, त्या क्षणी तुम्ही नवी रेषा आखलेली असते. तो अधिकार तुम्हाला नाही, मला नव्हता, आपल्या साहेबांनाही नाही.

आता आकडे का हुकतात. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट १८३० च्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप), मोजणीचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. नेपाळनेही एव्हरेस्टच घेतला, पण त्यांचं जाळं नगरकोटच्या बिंदूवरून बांधलेलं. तुमचा रिसीव्हर बोलतो डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे जीपीएसच्या जागतिक पद्धतीत. मोजणीच्या अशा प्रत्येक पायाला डेटम म्हणतात. एव्हरेस्टवरचा रेखांश रूपांतर न करता रिसीव्हरमध्ये भरलात तर त्या भागात दोनशे मीटरांहून जास्त चूक पडते. ती बरी, कारण डोळ्याला लगेच दिसते, माणूस ओढ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. खरी घातक असते ती पाच-दहा मीटरची चूक. भारत आणि नेपाळ यांच्या दोन एव्हरेस्ट डेटममधली, किंवा कुणीतरी चुकीचे घटक घालून केलेल्या रूपांतरातली. दशगजा म्हणजे सीमारेषेच्या एका अंगाला दहा गज, नऊ मीटरांच्या आसपास. चूक आणि दशगजा यांचं माप जवळपास सारखंच, त्यामुळे चुकीचा खांबही जागेवर बरोबर वाटतो.

आमचा अख्खा सीझन याच लहान चुकीत गेला, आणि तो एका कार्यालयामुळे गेला. त्याचं नाव, गाव, ते सीमेच्या कुठल्या बाजूला होतं, काही लिहिणार नाही. तिथे आज बसलेल्या माणसांचा त्यात दोष नाही. त्यांच्याकडे जुन्या खांबांची मूळ नोंदवही होती. आम्ही मागितली तिची प्रमाणित प्रत: खांबाचं वर्णन, लगतच्या दोन खांबांपासून अंतर आणि दिशा, आकडा कोणत्या वर्षी कशावरून घेतला ते. आली टाइप केलेली यादी. खांब क्रमांक, अक्षांश, रेखांश, संपलं. सेकंदाच्या पुढे तीन-तीन दशांश, देखणी यादी. ते दशांश पाहून वरच्यांना वाटलं, एवढी बारीक मोजणी असल्यावर शंका कसली? आकडे कोणत्या डेटमवरचे, हे मात्र कुठेही नाही. खालोखालच्या दोन ओळी एकाच पद्धतीच्या आहेत की नाहीत हेही कळायला मार्ग नव्हता.

आम्ही पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की उपलब्ध अभिलेख यापूर्वीच पुरविण्यात आले आहेत. पुन्हा लिहिलं, तर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. माणूस पाठवला, तर संबंधित कर्मचारी रजेवर. तिकडे तराईत धुक्याचे दिवस सुरू झालेले. दुपारपर्यंत शेजारचा खांब दिसत नाही. धुकं उठेपर्यंत गहू पोटरीला, मग शेतात पाऊल घालायला शेतकऱ्याची परवानगी. वरून आदेश आला की यादी अधिकृत आहे, तीवरून खुंट्या मारा. खुंट्या मारल्या गेल्या. त्यातल्या काही एका गरीब माणसाच्या उभ्या मोहरीत पडल्या. त्याच्या आजोबाच्या काळापासून सीमा वावराच्या कडेच्या आंब्याजवळून जाते हे सगळ्या गावाला माहीत. सकाळी दोन्हीकडची गावं जमा झाली. नेपाळच्या टीमने सही करायला नकार दिला, आणि तो योग्यच होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नकार दिला असता. खुंट्या उपटाव्या लागल्या. त्यानंतर त्या गावात आमच्याशी नीट बोलायला कुणी तयार नव्हतं. पुढच्या सीझनला त्या कार्यालयात बदलून आलेल्या एका कारकुनाने कपाट उघडलं, नोंदवही काढली, आणि तिच्या पहिल्याच पानावर डेटम, वर्ष, मोजणीची पद्धत सगळं शाईने लिहिलेलं निघालं. ते पान झेरॉक्स करायला किती वेळ लागला असता? आजही आठवलं की डोकं तापतं. कार्यालयात ती एक फाइल असते, शेतात ते एका कुटुंबाचं वर्षाचं पीक असतं.

म्हणून पहिला सल्ला पत्राबद्दल. नुसत्या "जुन्या नोंदी द्या" या मागणीला टाळाटाळ सोपी जाते. खांब क्रमांकाप्रमाणे तक्ता करा, त्यात रकाने पाडा: डेटम, प्रक्षेपण, मोजणीचं वर्ष, लगतच्या खांबाचं अंतर, दिशा, मूळ पानाचा क्रमांक. नोंद नसेल तिथे "नोंद नाही" असं लिहून सहीनिशी परत पाठवा म्हणा. रिकाम्या रकान्यावर सही करायला कुणीही बिचकतो आणि मग कपाट उघडतं. आणि हे पत्र एकट्याने पाठवू नका. दोन्ही टीमची बैठक घ्या, मागणी संयुक्त इतिवृत्तात घाला, दोघांच्या सह्या होऊ द्या, मग ती आपापल्या मार्गाने वर जाऊ दे. एका बाजूचं पत्र दाबलं जातं. दोन देशांच्या सह्यांचं इतिवृत्त पुढच्या वरिष्ठ बैठकीत निघतं, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक असतं. काहींना हे आगाऊपणाचं वाटेल. मला तरी यापेक्षा चालणारा दुसरा मार्ग दिसला नाही.

जमिनीवर काय करायचं, तर हरवलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंचे, ज्यांच्याबद्दल वाद नाही असे जुने खांब निवडा. दोन्ही टीमचे रिसीव्हर एकाच दिवशी त्याच खांबांवर लावा. दोघांच्या आकड्यांत प्रत्येक ठिकाणी किती आणि कुठल्या दिशेला फरक येतो ते पाहा. तो सगळीकडे जवळपास सारखा आला तर फरक डेटमचा. एखाद्याच खांबावर वेगळा आला तर तो खांब हललेला आहे किंवा नोंद चुकली आहे. मग स्ट्रिप मॅपवरचं लगतच्या खांबांपासूनचं अंतर आणि दिशा घेऊन जागा काढा, आणि रिसीव्हरचा आकडा फक्त पडताळ्याला ठेवा. जागा निघाली की खणून बघा. तराईत पुराचा गाळ इतका साचतो की "हरवलेला" खांब बऱ्याचदा तिथेच खाली असतो. पाया सापडला तर त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

आणि फील्ड बुक एकच ठेवा. दोन बुकं लिहून महिनाअखेर ताळा घालायचा हा प्रकार बंद करा. त्याच दिवशी, तिथेच, दोघांच्या सह्या. आपल्याकडे हद्द कायम मोजणीला लगतच्या कब्जेदाराला नोटीस न देता भूकरमापक आला तर पुढे काय होतं ते तुम्हाला गावात बघून माहीत आहे. निमताना (अपिलातली फेरमोजणी), मग कोर्ट, आणि दोन पिढ्या बांधावरून बोलणं बंद. इथे लगतचा कब्जेदार एक देश आहे.

वरच्या प्रतिसादांत कुणी लिहिलंय की ड्रोन फिरवा, दोन दिवसांत सीमा तयार. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ड्रोनला बांध दिसतो, झाड दिसतं, सीमा दिसत नाही. ती करारात आणि खांबांत असते. शिवाय सीमेवर दोन्हीकडच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन उडवणं म्हणजे थेट ठाण्यात बसणं. हा सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नका.

दुसऱ्या एकाने विचारलंय, एवढ्या सह्यांची गरज काय, आपला देश मोठा आहे. त्यांनी बांगलादेश सीमेचं उदाहरण बघावं. १९७४ मध्ये करार झाला, २०११ मध्ये प्रोटोकॉल, आणि प्रत्यक्ष अदलाबदल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ छिटमहालं, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेले जमिनीचे तुकडे, एकमेकांच्या पोटात अडकलेली. तिथल्या माणसांना शाळा नाही, दवाखाना नाही, ओळखीचा कागद नाही. २०११ मध्ये दोन्ही देशांच्या लोकांनी बरोबर फिरून शिरगणती केली, ५१ हजारांवर माणसं निघाली. ती यादी दोघांनी मिळून केलेली होती म्हणून चार वर्षांनी नागरिकत्व देताना तिचा आधार घेता आला. कोणा एकाने केलेली यादी दुसऱ्याने कशाला मानली असती? देश लहान की मोठा याने तिथे काही फरक पडत नाही.

बेल्जियममध्ये २०२१ साली एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या वाटेत येतो म्हणून १८१९ चा सीमेचा दगड सव्वादोन मीटर फ्रान्सच्या हद्दीत सरकवला. तिथे तणाव झाला नाही, कारण दगडाची मूळ जागा नेमकी नोंदलेली होती आणि दोन्ही बाजूंना मान्य होती. तुमच्या प्रत्येक खांबाची अशी नोंद करून ठेवा: चारी दिशांनी फोटो, शेजारी मापाची पट्टी, तीन पक्क्या वस्तूंपासूनची अंतरं. आंबा तुटतो, म्हणून त्या तीनांत विहीर, पूल, देऊळ असं काहीतरी घ्या.

नदीच्या पट्ट्यात असाल तर माझं ऐकू नका, तिथल्या अनुभवी माणसाला विचारा. गंडक जिथे पात्र बदलते तिथे नुसत्या मोजणीने प्रश्न सुटत नाही. कालापानी आणि सुस्ताबद्दल गावात कुणी विचारलं तर तो आमच्या कामाचा भाग नाही एवढंच सांगा आणि थांबा. चहाच्या टपरीवरही मत देऊ नका.

किरकोळ गोष्टी. एसएसबीच्या (आपल्या सशस्त्र सीमा बलाच्या) चौकीला आदल्या दिवशी कळवा, पलीकडच्या सशस्त्र प्रहरीला नेपाळची टीम कळवेल. दशगजात एकट्याने फिरू नका. गमबूट घ्या, साप भरपूर. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. भोजपुरी किंवा मैथिलीची चार वाक्यं शिका, आणि दोन्हीकडच्या गावांतल्या म्हाताऱ्यांशी कागद न काढता बोला. तिथल्या अमिनाला (स्थानिक मोजणीदाराला) मान द्या, त्याच्या पायाखालून ती जमीन तुमच्याआधी शंभरदा गेलेली असते.

सीझन संपत आला आणि खांब राहिला तर राहू दे. "दोन्ही टीमचे आकडे जुळत नाहीत, मूळ नोंदीची प्रतीक्षा" असं संयुक्त बुकात लिहून सह्या घ्या. तुमच्या गोपनीय अहवालात कुणी काही लिहील याची भीती वाटते, कळतं मला. त्यासाठीच ते लेखी हवं.

पत्राचा तक्ता तयार झाला की गावांची नावं, खांब क्रमांक आणि आकडे काढून मला निरोपात पाठवा. रकाने आणि भाषा बघून देतो.