आधी पिच छोटी कर

अगं, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. अकरा पोरं, वयं सात ते नऊ, तू बॉलिंग शिकवायला लागून दोन आठवडे झाले आणि ओव्हरमधला एखादाच बॉल बॅटपर्यंत पोचतोय, बाकीचे वाईड नाहीतर तीन टप्पी, हे सगळं ठीक आहे, असंच असतं. पण तो डावरा पोरगा बॉल तुझ्या हातात परत देऊन म्हणाला ना, ताई मी फक्त फील्डिंग करू का, ते वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलंच नाही.

तू विचारलंयस की ग्रिप, म्हणजे बॉल धरायची पद्धत, आधी शिकवू की रनअप, म्हणजे टाकायच्या आधीची धाव. दोन्ही नको. आधी पिच छोटी कर.

किती अंतरावरून टाकतायत ते तू लिहिलंच नाहीस, म्हणजे पूर्ण २२ यार्डच असणार. अगं २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर, ते माप मोठ्या माणसांचं आहे. ऑस्ट्रेलियात सगळ्यात लहान गटाला १६ मीटरची पिच देतात, त्याच्या वरच्या गटाला १८ ची, आणि फास्ट बॉलर कमी पडलेत अशी तक्रार त्यांच्याकडून कधी ऐकू आलेली नाही. पूर्ण पिचवर टाकलं नाही तर ते खरं क्रिकेट नाही असं आपल्याच डोक्यात बसलेलं असतं, पोरांच्या नाही.

उद्या एक काम कर. स्टंपमागे उभी राहू नकोस, बाजूला क्रीजच्या रेषेत उभी राहा आणि एकाच पोराकडे बघ, बॉल कुठे गेला ते बघूच नको. तो समोर बघतो, स्टंप लांब दिसतात, मग पाठ मागे टाकतो, डोकं एका बाजूला पडतं, पुढचा हात वर जायच्या आधीच गळतो, सगळा जोर खांद्यातून काढायला बघतो आणि तरी बॉल पोचत नाही म्हटल्यावर शेवटी कोपर वाकवून फेकून देतो. हे त्याला कुणी शिकवलं? तू नाही शिकवलंस, टीव्हीवर पण नाही बघितलं त्याने. अंतरापायी झालंय ते. आता तू त्याला डोकं सरळ ठेव, हात उंच ने, कोपर वाकवू नको असं एकेक सांगत बसशील, तो बिचारा मान हलवेल आणि पुढच्या बॉलला तेच करेल, कारण त्याला तो बॉल कसाही करून तिकडे पोचवायचाय. म्हणून म्हणतो पिच छोटी कर.

तुझ्या मेसेजमध्ये "तिघं चक करतात", म्हणजे नियम मोडून बॉल फेकतात, असं वाक्य आहे, ते मला आवडलं नाही, स्पष्टच सांगतो. हात खांद्याला आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ होत गेलं तर ते फेकणं, नुसता वाकलेला हात म्हणजे फेकणं नव्हे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १५ अंशांपर्यंत सूट आहे आणि ते मोजायला लॅब लागते. सात वर्षांच्या पोराला चकर म्हणायला काहीच लागत नाही.

हे मी बोलतोय कारण मी स्वतः एका पोराला तसं म्हटलंय. नऊ वर्षांचा होता, हडकुळा, रोज सगळ्यात आधी येऊन नेट बांधायला मदत करायचा. मी सगळ्यांसमोर ओरडलो, फेकतोस तू. वर त्याच्या कोपराला लाकडी फूटपट्टी लावली आणि रुमालाने करकचून बांधली, की आता वाकव बघू. आठवडाभर तो तशी पट्टी बांधून टाकत होता, दंडावर लाल वळ उठायचा, तो बाही खाली ओढायचा. पुढच्या सोमवारी आला नाही, परत कधीच आला नाही. तेव्हा सगळेच कोच असं करायचे, माझ्याकडे चाळीस पोरं आणि एक नेट, मी एकटा, कुणाकुणाकडे बघणार होतो. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलंय. पट्टी मीच बांधली होती.

मला कळलं ते पण अक्कलहुशारीने नाही. एकदा पिचच्या एका टोकाला चिखल होता म्हणून स्टंप उपटून आठ पावलं पुढे रोवले, आणि त्या दिवशी "फेकणारी" चार पोरं होती त्यातल्या तिघांचा हात आपोआप सरळ झाला. मी एक शब्द बोललो नव्हतो.

तर तुझ्या लहानांना १४ मीटर दे, १६ सुद्धा आत्ता नको. सहापैकी चार बॉल एक टप्पा घेऊन पोचायला लागले की स्टंप एक पाऊल मागे, बिघडलं की परत पुढे, त्यात लाज कसली. बॉलचंही तेच. मोठ्या पुरुषांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅम आणि १३ वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४, हे क्रिकेटच्या नियमांमध्येच लिहिलंय, तरी पोरांच्या हातात मोठ्यांचेच जुने बॉल दिसतात. सात वर्षांच्यांना टेनिस बॉल दे. दोन बोटांत मावत नसेल तर तीन बोटांनी धरू दे, हात मोठा होईल तसा तो स्वतःच दोनवर येतो. रनअप आत्ता नाहीच, क्रीजवर उभं राहून, मग एक पाऊल टाकून, मग उडी.

आणि ॲक्शन सुंदर करत बसू नकोस गं. श्रीलंकेचा फास्ट बॉलर मलिंगा हात आडवा फिरवून टाकायचा, ती ॲक्शन लहानपणी कुणी "सुधारली" असती तर काय उरलं असतं? एकच गोष्ट मात्र नजरेआड करू नको, कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे अशी पिळवटून टाकतोय का. त्याने कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर होतात, वाढत्या वयात जास्तच. आणि ही पिळवणूक पण बऱ्याचदा लांब पोचवायच्या हट्टातूनच येते, म्हणजे फिरून परत तिथेच, पिच छोटी कर.

पालक बोलतील. मॅच तर पूर्ण पिचवर असते, मग हे काय खेळणं लावलंय वगैरे. वाद घालू नको, हिशोब सांग. १२० सेंटीमीटरच्या पोराला २० मीटर म्हणजे १७० सेंटीमीटरच्या बापाला अठ्ठावीस मीटरच्या वर. बापाला बॉल दे आणि म्हण टाका ओव्हर तिथून, एक टप्पी. मी हे दोनदा केलंय, एक जण हसला, दुसऱ्याने मुलाला दुसरीकडे घातलं. जाऊ दे, मी आजही तेच करीन.

त्या डावऱ्याला उद्या सगळ्यात आधी बोलव, बाकीची यायच्या आत. बॅट्समन नको, नुसते स्टंप, चौदा मीटर, आणि तू गप्प राहा. हे तुला जमणार नाही माहितीये, तरी राहा. किती बॉल पोचले तेवढं मला कळव. रनअपचं पुढच्या महिन्यात बोलू, त्याआधी विचारूच नकोस.