स्वतंत्र बॉटलर्सच्या सिंगल माल्ट व्हिस्कीला शंभरपैकी गुण कसे द्यायचे?

देऊ नका. झालं उत्तर.

(नवख्यांसाठी : सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतली माल्ट व्हिस्की, आणि स्वतंत्र बॉटलर म्हणजे दुसऱ्यांच्या डिस्टिलऱ्यांचं मद्य कास्कमध्ये, म्हणजे लाकडी पिंपात, घेऊन आपल्या नावानं बाटलीत भरणारा.) तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात : गुण कसे द्यायचे, पाणी घालावं का, आणि सुरुवात शेरी कास्कच्या (आधी शेरी वाइन भरलेल्या पिंपातल्या) बाटलीनं करावी की बर्बन कास्कच्या (आधी अमेरिकी बर्बन व्हिस्की भरलेल्या पिंपातल्या). त्यातल्या पहिल्या दोन माझ्या दुखऱ्या नसेवरच्या आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी ग्लासगोत राहतो. इथे आल्यावर पहिली सात वर्षं मी एक वही ठेवली होती. डिस्टिलरी, कास्कचा क्रमांक, गाळल्याचं साल, बाटलीत भरल्याचं साल, अल्कोहोलचे टक्के, आणि शेवटी लाल पेनानं गुण. मास्तरांचा मुलगा आहे, दुसरं काय होणार. त्या वहीत ९१ गुण मिळवून पहिली आलेली बाटली होती कल ईला या डिस्टिलरीची. एकाच हॉग्सहेडमधली (कास्कचाच एक आकार), दहा वर्षांची, ५७ टक्के. ती आणायला मी बसनं कॅम्पबेलटाउनला गेलो होतो. जायलाच चार तासांवर लागतात. लॉख लोमंडच्या कडेनं, मग घाट, मग इनव्हरेरी, आणि पुढे समुद्र संपतच नाही. १८४२ पासूनचे बॉटलर कॅडनहेड आता त्याच गावात आहेत आणि स्प्रिंगबँक डिस्टिलरीही तिथलीच, त्यामुळे बाटल्यांच्या मागे लागलेल्या माणसाला ते गाव पंढरपूरच.

२०१९ च्या दिवाळीत साडू आले. साडू पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट. आकडा दिसला की त्याचं ऑडिट केल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. वही चाळली आणि म्हणाले, "एक्क्याण्णव? मग नव्वद का नाही?" मी फिनिश, बॅलन्स वगैरे बोलत राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि लक्ष्मीपूजन झाल्यावर स्वयंपाकघरात गेले.

बाहेर आली तीन स्टीलची फुलपात्रं. एकाच्या बुडाला कुंकवाचं बोट, दुसऱ्याला हळदीचं, तिसरं कोरं. स्टील का, तर रंग दिसू नये म्हणून. (हे त्यांचं बरोबर होतं, मान्य करतो. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला कायद्यानं परवानगी आहे आणि गडद रंग दिसला की आपण आपोआप चार गुण वाढवतो.)

कुंकवाच्या फुलपात्रात नाक घातलं तर इंजेक्शनआधी दंडाला फिरवतात त्या कापसाचा वास. जीभ भाजली. ७१. हळदीचं बरं होतं, सफरचंद, मध, गोडसर. ८२. कोऱ्यात मात्र पहाटे बंब पेटवल्यावर परसात पसरतो तो धूर, लिंबाची किसलेली साल, सुकटीची टोपली आणि मागून हळूच वेलची केळं. ८८ दिले आणि वर म्हणालो, "ही कुठली आणलीत?"

हळदीची होती विमानतळावर घेतलेली बारा वर्षांची साधी बाटली. कुंकू आणि कोरं, दोन्ही माझीच कल ईला. कोऱ्यात फक्त दोन चमचे पाणी.

"एकाच विद्यार्थ्याला एका पेपरात एकाहत्तर, दुसऱ्यात अठ्ठ्याऐंशी, आणि वहीत एक्क्याण्णव. मास्तर, पेपर फुटला होता का?" हे वाक्य त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, डोहाळजेवणात ऐकवलं गेलंय. परवा एकानं मला थेट 'मास्तर' म्हणून हाक मारली. त्या गृहस्थाला मी ओळखतही नाही.

आता माझी बाजू. फुलपात्राचं तोंड रुंद, वास थांबणार कुठे? त्याआधी मी लसणाचा चिवडा दोन वाट्या खाल्लेला. आणि मुख्य म्हणजे पाणी. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ग्वायकॉलचा, म्हणजे धुराच्या वासातल्या एका रेणूचा, संगणकावर अभ्यास मांडला. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर हा रेणू पृष्ठभागाशी येतो, ५९ आणि वर गेलं की आत दडतो. माझ्या ३० मिलीत दोन चमचे, म्हणजे १० मिली पाणी पडलं की ५७ चे साधारण ४३ होतात. मग धूर वर येणारच! म्हणजे माझं नाक चोख होतं. निबंध साडूंना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : घाला. आधी पाण्याशिवाय हुंगा, दोन ओळी लिहा, मग थेंबाथेंबानं पाणी घालून परत लिहा. 'पाणी म्हणजे पाप' म्हणणाऱ्यांनी कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून निघते तशी, पाणी न घालता भरलेली) कधी नीट चाखलेली नसते.

पण गुणांबाबत साडूंचं बरोबर होतं, हे इथे लिहितोय कारण ते ही साइट वाचत नाहीत. ७१, ८८ आणि ९१ यांपैकी खरा आकडा कुठला? ९१ मध्ये बसचं तिकीट आणि बाटलीची किंमत धरलेली होती, एवढं मला कळतं. शिवाय एक हॉग्सहेड म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास, त्यातलं दरवर्षी दोनेक टक्के उडून जातं, दहा वर्षांनी बाटल्या निघतात तीनशेच्या आत. तुमचं लिखाण कोणी वाचेल तोवर त्या संपलेल्या. डिस्टिलरी स्वतः बाटली भरते तेव्हा अनेक कास्क मिसळून चव तीच राखते, तिथे आकड्याला थोडाफार अर्थ आहे. इथे पुढचा कास्क वेगळाच.

वास मात्र लिहून ठेवा, आणि आपल्या नाकाला आठवतं ते लिहा. 'हेदर' हे झुडूप मी इथल्या डोंगरावर पाहीपर्यंत त्याचा वास सात वर्षं नुसता उतरवून काढत होतो. सातूचं पीठ, खोबऱ्याची वडी, शिकेकाई हे चालतं की. आणि लवकर लिहा. १८९५ पासून एल्गिनमध्ये असलेल्या गॉर्डन अँड मॅकफेल या बॉटलर्सनी २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२४ पासून दुसऱ्यांच्या डिस्टिलऱ्यांचं मद्य नव्यानं कास्कमध्ये भरणार नाही.

सुरुवात कल ईलानंच करा, बॉटलर्सकडे ती बऱ्याचदा मिळते. ती ज्या बेटावर होते त्या Islay च्या नावाचा उच्चार आयला असाच आहे, त्यावरचे सगळे विनोद साडूंनी पहिल्याच दिवशी संपवलेत. मित्रांत बाटली वाटून ३०-३० मिली घ्या, एकट्यानं अख्खी घेऊ नका. लेबलवर नाव नसलं म्हणून बिचकू नका, काही डिस्टिलऱ्या आपलं नाव वापरूच देत नाहीत. काही तर कास्क विकण्याआधी त्यात दुसऱ्या माल्टचा चमचाभर घालतात, म्हणजे ते सिंगल माल्ट म्हणून विकताच येत नाही.

इकडे चाखायला आलात तर गाडी आणू नका. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून रक्तातली मर्यादा इंग्लंडहून कमी आहे. बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाचा वाटा छोट्या बाटलीत घालून देतात, तो घरी नेऊन प्या.

शेरी कास्कचं राहिलंच. मनुका, खजूर, चिंचगुळाची चटणी असं सापडलं तर उत्तम. सुतळी बॉम्बनंतरच्या गल्लीसारखा वास आला तर ते गंधक. अर्धा तास उघडी ठेवा, कधीकधी जातो. नाही गेला तर बाटली साडूंना द्या.