अर्जाची पोच घेतलीत का?

एम.ए. पत्रकारितेचं दुसरं वर्ष, लघुप्रबंधाला पुण्याजवळच्या फुरसुंगीचा कचरा डेपो, आकड्यांसाठी अर्ज देऊन दीड महिना झाला आणि आता कार्यालयातले म्हणतात, अर्ज सापडत नाही. तुमचं हे वाचून पोटात कालवलं. माझं अगदी हेच झालं होतं.

माझा विषय पानशेतचं धरण फुटून पुण्यात आलेला पूर. १२ जुलै १९६१ नंतर पुनर्वसनाबद्दल वर्तमानपत्रांत काय छापून आलं आणि कागदोपत्री काय झालं, हे मला ताडून बघायचं होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि 'सोमवारी या' म्हणाल्या. दुसरी प्रत माझ्या पर्समध्येच होती, पण तिच्यावर शिक्का मारून घ्यायचं डोक्यातच आलं नाही. असे आठ सोमवार गेले. नवव्या सोमवारी बाईंची बदली झालेली, काचेखाली कॅलेंडर. नवे साहेब म्हणाले, "आवक रजिस्टरला नोंद नाही, म्हणजे अर्ज आलेलाच नाही." प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण गाळावं लागलं. त्याचा राग अजून जात नाही. दोन वर्षं आम्हाला अग्रलेख शिकवले, पण येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद होते ते आवक-जावकचं टेबल गाठा, हे एकानेही सांगितलं नाही.

तेव्हा विनंतीपत्रांच्या मागे लागू नका. सरळ माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून डेपोत येणारा कचरा आणि त्यावरचा खर्च असे दोन वेगळे अर्ज द्या. 'सविस्तर माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. कोणत्या वर्षाची, कोणत्या कागदाची प्रत हवी ते लिहा. अर्जाच्या स्वतःकडच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय जिना उतरू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मी वकील नाही, पण शिक्क्याची प्रत हातात असली की समोरच्याचा आवाज बदलतो, हे नंतर नोकरीत शंभरदा पाहिलंय.

अर्ज सापडत नाही हे मार्गदर्शकांनाही आजच सांगा, शेवटच्या महिन्यात नको.

आणि ग्रंथालयात जुन्या अंकांचे फोटो काढताना पानावरची तारीख आणि पान क्रमांक फोटोत येऊ द्या. माझी चाळीस कात्रणं तारखेविना होती, ती सगळी पुन्हा शोधत बसले.