फोन चालू असतो, पण वाजत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘फोन चालू आहे, रेंज आहे, माझ्याकडून कॉल लागतात, पण लोक म्हणतात, तुमचा फोन बंद लागतो’ या एकाच तक्रारीची पत्रे इतक्या गावांहून येत आहेत की, त्यांतील काही निवडून एकत्रच उत्तरे देणे सोयीचे वाटले. भारतात व्हॉइसमेल, म्हणजे कॉल न उचलल्यास करणाऱ्याचा निरोप आवाजात साठवून ठेवणारी पेटी, फारसा रुजला नाही. त्यामुळे आपल्याकडे न वाजलेला कॉल ‘स्विच ऑफ’ किंवा ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ या घोषणेत संपतो, तर परदेशातील मुलांना केलेला कॉल थेट व्हॉइसमेलमध्ये जातो. मुळाशी बरीचशी कारणे तीच असतात. एक विनंती मात्र सर्वांनाच आहे : फोन करणाऱ्याला नेमके काय ऐकू आले, हे आधी विचारा आणि शब्दशः लिहून ठेवा. एकही रिंग न होता घोषणा लागली, एक रिंग होऊन कॉल तुटला, की पूर्ण वेळ रिंग होत राहिली, यावरून अर्धे निदान होते.

माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. दिवसातून अनेकदा लोकांना दुसरा नंबर बंद लागतो, पण मी तपासतो तेव्हा तो व्यवस्थित चालतो. (पुणे)

तुम्ही तपासता तेव्हा पहिल्या सिमवर बोलत नसता, हेच त्याचे उत्तर आहे. दोन सिमच्या बहुसंख्य फोनमध्ये सिम दोन असली तरी बोलण्यासाठीची यंत्रणा एकच असते; एका सिमवर संभाषण सुरू असेपर्यंत दुसरे सिम नेटवर्कला सापडत नाही. यात बिघाड काही नाही. दुसऱ्या सिमच्या कॉल सेटिंगमध्ये ‘संपर्क न झाल्यास’ या पर्यायापुढे पहिल्या सिमचा नंबर घालता येतो, म्हणजे तो कॉल वेटिंगला येतो. फॉरवर्डिंगचा, म्हणजे येणारा कॉल दुसऱ्या नंबरवर वळवण्याचा, योग्य उपयोग हाच. अशा कॉलला वेगळा दर लागतो का, एवढे मात्र कंपनीकडून आधी समजून घ्या.

वडिलांच्या साध्या फोनवर कॉल येणे अचानक बंद झाले आहे. (सोलापूर)

रिचार्जची वैधता संपली आहे का ते पाहा.

एका व्हॉट्सॲप संदेशात सांगितल्याप्रमाणे *#६२# डायल केले, तर पडद्यावर एक अनोळखी नंबर आला. माझा फोन कोणी चोरून ऐकत आहे का? (नागपूर)

हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि दर वेळी नवे लोक घाबरतात. या कोडने एवढेच कळते की, तुमचा फोन नेटवर्कमध्ये सापडला नाही, तर येणारा कॉल कोठे वळवायचा. पुष्कळदा तो नंबर तुमच्याच कंपनीच्या मिस्ड कॉल अलर्ट किंवा व्हॉइसमेल सेवेचा असतो. फोन बंद असताना कोणाचा कॉल येऊन गेला, हे एसएमएसने कळते ते त्याच सोयीमुळे. संभाषण चोरून ऐकले जात आहे की नाही, हे असल्या कोणत्याही कोडने कळत नाही. तो नंबर कंपनीचा आहे ना, हे कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर विचारून घ्या. दहा अंकी खासगी नंबर दिसत असेल, तर पुढचे उत्तर दोनदा वाचा.

कुरिअरवाल्याचा फोन आला, पार्सल अडकले आहे म्हणाला. त्याने सांगितल्याप्रमाणे *४०१* आणि पुढे एक नंबर असे डायल केले. तेव्हापासून मला एकही कॉल आलेला नाही. मुलाने फोन फॅक्टरी रीसेटही करून दिला. (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, तुम्ही कुरिअरला फोन लावला नाहीत, तर तुमचे सर्व येणारे कॉल त्या माणसाच्या नंबरवर वळवण्याची आज्ञा तुमच्या कंपनीला दिलीत. ती आज्ञा फोनमध्ये साठत नाही. कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या क्रमांकाची जी नोंद असते, तिच्यात ती जाऊन बसते. पोस्टात पत्ता बदलून दिल्यावर घराचे कुलूप बदलले म्हणून टपाल परत घरी येऊ लागत नाही, रीसेटचेही तसेच. मुलाने तुमचे फोटो मात्र पुसले असतील. या प्रकारात तुमच्याकडून कॉल लागतात, इंटरनेट चालते, रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात, म्हणून संशय येत नाही. काही फोनमध्ये वरच्या पट्टीवर बाण असलेले फोनचे चिन्ह दिसते. पण त्याकडे लक्ष कोणाचे जाते?

चोराला तुमच्या गप्पा ऐकायच्या नसतात. व्हॉट्सॲपसारख्या सेवा खात्री करण्याचा सांकेतिक अंक एसएमएसने न मिळाल्यास फोन करून सांगतात. तो फोन तुमच्याऐवजी त्याच्याकडे वाजतो आणि तुमचे खाते त्याच्या हाती जाते. मग तुमच्याच नावाने तुमच्या बहिणीकडे, जुन्या विद्यार्थ्यांकडे पैशांची मागणी सुरू होते. बँकेने खात्री करण्यासाठी केलेला फोनही तोच उचलतो. याच कारणाने दूरसंचार विभागाने डायल कोडद्वारे होणारे कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यास कंपन्यांना सांगितले. पण आदेश निघाला म्हणून निर्धास्त राहू नका. कोड बदलतो, *२१* सांगितला जातो, किंवा बोलता बोलता कॉल सेटिंग उघडायला लावून तेथे नंबर भरून घेतला जातो. पार्सल, विजेचे बिल, केवायसी यांपैकी कोणत्याही कामासाठी ताऱ्याने सुरू होणारा आकडा ग्राहकाने डायल करावा लागत नाही. या वाक्याला अपवाद नाही.

आता हे आजच करा. *#२१# डायल करा. पडद्यावर व्हॉइस, डेटा, एसएमएस, अगदी फॅक्सचीसुद्धा (कोणाच्या घरी आहे आता फॅक्स?) एकेक ओळ येईल, व्हॉइसपुढे ‘फॉरवर्ड केलेले नाही’ असे असायला हवे. नसेल, तर त्या पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, कारण तक्रारीत तो नंबर लागेल. त्यानंतर ##००२# डायल करून सर्व फॉरवर्डिंग रद्द करा; त्याने मिस्ड कॉल अलर्टही बंद होऊ शकतो, तो नंतर सुरू करून घेता येतो. सर्व कंपन्यांत हे कोड सारखे चालत नाहीत, म्हणून १९८ वर बोलून फॉरवर्डिंग खरोखर निघाले का, हे विचाराच. ते निघाल्यावर, आणि त्याआधी नव्हे, व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नंबरने पुन्हा नोंदणी करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुहेरी पडताळणीचा, पिन लावा. बँकेला कळवा. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर ताबडतोब तक्रार द्या; ‘सोमवारी मुलगा येईल, मग बघू’ असे करू नका, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरले की ते रोखणे अवघड होते.

मी १९०९ वर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) नोंदवले होते. त्यामुळे मुलीचे कॉल वाजत नाहीत का? (अकोला)

नाही, ती नोंद जाहिरातींच्या कॉलपुरती आहे. फोनमधील ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही कॉल गप्प ठेवणारी सोय वेगळी, ती सुरू आहे का पाहा.

मुलगा न्यू जर्सीत असतो. माझा कॉल रिंग न होता थेट व्हॉइसमेलला जातो. हल्ली तर पेटी भरली असल्याचे सांगतात. त्याने मला ब्लॉक केले असेल का? (ठाणे)

तसे असू शकते. पण आधी घड्याळ पाहा. ठाण्यात सकाळचे दहा म्हणजे तेथे मध्यरात्रीच्या आसपासची वेळ. आयफोनवर झोपेचा फोकस (झोपेच्या वेळी फोन गप्प ठेवणारी सोय) किंवा डू नॉट डिस्टर्ब सुरू असले की, कॉल न वाजता व्हॉइसमेलला जातो. पुनरावृत्त कॉलची सोय सुरू असेल, तर तीन मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून आलेला दुसरा कॉल वाजतो. दुसरे कारण म्हणजे २०१९ मध्ये आयफोनच्या आयओएस १३ या प्रणालीबरोबर आलेली, अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय. तुमचा नंबर त्याच्याकडे +९१ लावून साठवलेला नसेल, तर त्याचा फोन जन्मदात्यालाही अनोळखी ठरवू शकतो. भरलेली पेटी फक्त तोच रिकामी करू शकतो, म्हणून हे सारे त्याला व्हॉट्सॲपवर विचारा. तर्क करत बसू नका.

त्याला आणखी एक सांगा : व्हॉइसमेलला स्वतःचा पिन लावून ठेव. ब्रिटनमधील ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १६८ वर्षांचे साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडले, ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणातून. आणि त्यासाठी कित्येकदा कंपनीने दिलेला, कोणी कधी न बदललेला पिन पुरेसा ठरला होता.

घर जांभ्या दगडाचे आहे, आत रेंज नसल्याने कॉल येत नाहीत. रेंज वाढवणारा बूस्टर ऑनलाइन मिळतो, तो घ्यावा का? (रत्नागिरी)

घेऊ नका. परवान्याशिवाय असा बूस्टर बसवणे भारतात बेकायदा आहे आणि त्याने शेजारपाजारच्या नेटवर्कमध्येही अडथळा येतो. विक्रेते हे सांगत नाहीत. ‘सर्व कंपन्यांना चालतो’ एवढे मात्र मोठ्या अक्षरांत लिहितात. घरात ब्रॉडबँड असेल, तर फोनमधील वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल करण्याची सोय, सुरू करा. ते तुमच्या प्लॅनमध्ये आणि हँडसेटमध्ये चालते का, हे कंपनीकडून खात्री करून घ्या.

पाच दिवसांपासून फोनला अजिबात नेटवर्क नाही, सर्वांना ‘स्विच ऑफ’ ऐकू येते. दुकानदार म्हणतो हँडसेटचा दोष आहे, पार्ट येईपर्यंत थांबा. (कोल्हापूर)

हा अंक हाती पडताच थांबणे थांबवा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. तेथेही ‘नो सर्व्हिस’ आले, तर हँडसेट निर्दोष आहे आणि सिम खराब झाले आहे किंवा तुमच्या नावावर कोणीतरी दुसरे सिम काढले आहे. दुसरी शक्यता कमी असली, तरी तीच गृहीत धरून वागावे. नवे सिम दिल्यावर त्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. खऱ्या मालकाला जागे होण्यासाठी ही मुदत आहे. त्यातले पाच दिवस तुम्ही पार्टची वाट पाहण्यात घालवलेत. ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा, अलीकडे सिम बदलल्याची नोंद आहे का ते विचारा आणि त्याच फेरीत बँकेत जाऊन खात्याचे व्यवहार तपासून घ्या.

दुकानदार म्हणतो, कॉल येत नाहीत तर सॉफ्टवेअर मारावे लागेल. मारू द्यावे का? (नाशिक)

इतक्यात नाही. आधी विमान मोड सुरू करून अर्ध्या मिनिटाने बंद करा, म्हणजे फोन नेटवर्ककडे नव्याने नोंद करतो. व्हीओएलटीई (४जी नेटवर्कवरून कॉल करण्याची सोय) सुरू आहे का, ब्लॉक यादीत आणि स्पॅम रोखणाऱ्या ॲपमध्ये कोणाकोणाचे नंबर अडकले आहेत, ते पाहा. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये नीट वाजत असेल आणि तुमच्याच हँडसेटमध्ये वाजत नसेल, तर हँडसेट कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्या. जाण्यापूर्वी फोटो आणि संपर्क उतरवून घ्या, सिम काढून जवळ ठेवा आणि खर्चाचा अंदाज लेखी मागा.