साथीच्या काळात प्रवास थांबला, मग वाहतुकीचं कार्बन उत्सर्जन कायमचं कमी झालं का?

नाही झालं. आणि मुंबईच्या उपनगरांपुरतं बोलायचं तर कोविडने लावलेल्या प्रवासाच्या सवयी उलट कार्बन वाढवणाऱ्याच निघाल्या, असं माझं ठाम मत आहे.

आधी जगाचं थोडक्यात. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा साधारण १७ टक्क्यांनी उतरलं होतं. त्यातली जवळपास निम्मी घट जमिनीवरच्या वाहतुकीतली. पण पूर्ण वर्षाची घट पाच-सहा टक्क्यांवरच थांबली आणि २०२१ मध्ये ऊर्जावापरातून होणारं उत्सर्जन तोवरच्या उच्चांकावर गेलं. टाळेबंदीत पंजाबातल्या जालंधरहून हिमाचलच्या धौलाधार पर्वतरांगेची शिखरं दिसली होती ती हवेतला धूर-धूळ कमी झाल्यामुळे. कार्बन डायऑक्साइड इतक्या लवकर हटत नाही. मे २०२० मध्येच हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत त्याचं प्रमाण ४१७ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४१७ भाग) नोंदवलं गेलं, तोपर्यंतचं सर्वाधिक.

आता माझ्या गावचं, डोंबिवलीचं. २२ मार्च २०२० च्या रात्री लोकल थांबली. जूनमध्ये खासगी कार्यालयं थोड्या माणसांवर उघडू लागली आणि १५ जूनपासून लोकलही सुटली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाकीच्यांनी कामावर जायचं कसं? इंदिरा चौकात बससाठी लांबच लांब रांगा, नाहीतर चौघांत गाडी करून शीळफाट्याच्या कोंडीत अडकायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना परवानगी मिळाली ती पहाटेपासून सकाळी ७, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. नऊ-साडेनऊला हजेरी असणाऱ्या माणसाला तिचा काय उपयोग? एप्रिलमध्ये तीही गेली. दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली थेट १५ ऑगस्ट २०२१ ला.

म्हणजे रोज ७५ लाखांहून जास्त माणसं विजेवर वाहून नेणारं, माणशी सगळ्यात कमी कार्बनचं साधन नोकरदारांना जवळपास दीड वर्ष नीट मिळालं नाही, आणि पेट्रोलची वाहनं मात्र कधीच मोकळी झाली होती. त्या दीड वर्षात आमच्याकडे कितीतरी घरांत हप्त्यावर दुचाकी आली. एकदा दारात आलेली गाडी कोण विकतो? मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तरी त्या चालतच राहिल्या. लोकल सुरू झाल्यावर पूर्वी चालत किंवा रिक्षाने स्टेशन गाठणारे लोक तिथवरही दुचाकी काढू लागले.

घरून काम केल्याने कार्बन वाचतो का, हेही लोक विचारतात. माणूस मोटारीने लांबून येत असेल तर वाचतो. लोकलवाल्याचे रोजचे तीन तास वाचतात, जिवाचे हाल वाचतात आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कार्बन मात्र नगण्य, कारण त्याच्याविना लोकल तेवढ्याच फेऱ्या मारते आणि घरातला पंखा, एसी दिवसभर चालतो.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबवणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढची साथ आली तर उघडण्याचा क्रम वेगळा हवा. कार्यालयं सुरू होण्याच्या वेळा सकाळी ७ ते ११ अशा विभागून द्या, मास्क सक्तीचा करा आणि खासगी कार्यालयं ज्या दिवशी उघडाल त्याच दिवशी त्यांच्या माणसांना लोकलचं तिकीट द्या.