लिनक्समध्ये खूप सीएसव्ही फायली कमांड लाइनवर एकत्र कशा करायच्या? त्यापेक्षा एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करणं जास्त सुरक्षित नाही का?

अजिबात नाही. फायलींच्या फोल्डरमध्ये जा. कॅट ही फायली एकापाठोपाठ जोडणारी कमांड आहे. कॅट *.सीएसव्ही > ../सगळे.सीएसव्ही एवढं चालवा. झालं काम.

सुरक्षिततेचं विचारलंत म्हणून पुढचं लिहितोय. जमिनीच्या नोंदींचं काम घेतलेल्या एका कंत्राटदाराकडे मी होतो. गावागणिक एक फाइल, तिच्यात सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, खातेदार. मी त्या कॅटने जोडून दिल्या. साहेबांना काळ्या स्क्रीनवरचं काही पटायचंच नाही. त्यांनी दोन ऑपरेटर बसवले, त्याच फायली एक्सेलमध्ये उघडून एकाखाली एक चिकटवून घेतल्या आणि तीच फाइल पुढे पाठवली. थोड्याच दिवसांत तक्रार आली. सर्व्हे नंबर 12/3 च्या जागी 12-मार्च, 5/2 च्या जागी 5-फेब्रुवारी. 113/2 सारखे नंबर मात्र शाबूत, त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं होतं.

कॅटला तारीख कळत नाही, आकडा कळत नाही. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या आवृत्तीपासून ते एकच काम करतं: आलेले बाइट जसेच्या तसे पुढे देणं. जमिनीच्या नोंदीला हेच हवं. शिवाय एक्सेलची शीट 10,48,576 ओळींवर संपते. तालुक्याची गावं एकत्र केली की तिथवर पोचायला वेळ लागत नाही. "डोळ्यांना दिसतं ते खरं" म्हणणाऱ्यांना माझं आजही हेच सांगणं आहे की एवढ्या ओळी डोळ्यांनी कोणी तपासत नाही.

हां, फायलींना मथळ्याची ओळ असेल तर कॅटमुळे ती दर गावाला पुन्हा येईल. आणि एखाद्या फाइलीच्या शेवटी एंटर नसेल तर पुढच्या गावाची पहिली ओळ तिला चिकटेल. ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसी -एल ने हे सापडत नाही, कारण ते एंटरच मोजतं. तेव्हा मथळ्याची ओळ असेल तर खरं तर ऑक ही कमांड वापरा, ती मथळा फक्त पहिल्या फाइलीचा ठेवते (मथळा नसेल तर ही नको, दर फाइलीची पहिली ओळ जाईल): ऑक 'एनआर==1 || एफएनआर>1' *.सीएसव्ही > ../सगळे.सीएसव्ही. टाइप अर्थातच इंग्रजीत, एनआर आणि एफएनआर कॅपिटलमध्ये. नावं 1, 2, 10 अशी असतील तर 10 हे 2 च्या आधी येईल, म्हणून 01, 02 अशी ठेवा.

वरिष्ठांना एक्सेलच हवं असेल तर फाइलीवर डबल-क्लिक करू नका. इम्पोर्ट करताना सर्व्हे नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा.