मंडईच्या जत्रेत कुणी मुलीला ओढत असेल, तर बघणाऱ्या पोरांनी काय करावं?

नववी-दहावीच्या मुलामुलींना, समोर कुणाला त्रास होताना दिसला तर स्वतः मार न खाता मदत कशी करायची हे कसं शिकवू, असं तुम्ही विचारलंय. व्याख्यान देऊ नका. पहिलं वाक्य त्यांच्या तोंडात बसवा. पोरांना वाटतं मदत म्हणजे मारामारी. ती झेपणार नाही म्हणून मान खाली घालून निघून जातात.

प्रसंग ओळखीचा घ्या. मंडईची, म्हणजे पूर्व विदर्भात दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेची रात्र, दंडार हे लोकनाट्य रंगलेलं, पाळण्यामागच्या अंधारात एक जण मुलीचा हात धरून ओढतोय. एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. तीन-चार हात लांब उभं राहायचं, त्याची निघून जायची वाट मोकळी ठेवायची. बोलायचं फक्त मुलीशी: "चाल वो, तुही माय कवाची बोलावून रायली तुले!" त्याला जाब विचारला तर तो हात उगारेल, त्यात प्यालेला असला तर जास्तच. शिवाय तो बहुतेकदा गावातलाच, नात्यातलाच असतो आणि उद्या त्याच गावात राहायचंय. माय बोलावते म्हटल्यानं वैर होत नाही. प्रत्येकाकडून हे वाक्य मोठ्यानं तीनदा म्हणवून घ्या. आधी हसतील, मग पुटपुटतील, मग आवाज फुटेल.

हातात काठी-चाकू दिसला किंवा ते दोघं-तिघं असले, तर जवळ जायचंच नाही. उजेडाकडे पळायचं, पानठेलेवाला, पोलीस पाटील, जो मोठा माणूस दिसेल त्याला हाक मारायची आणि ११२ हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा. पत्ता सांगायचाही सराव घ्या: आधी तालुका, मग गाव, मग खूण. एकाच नावाची गावं बरीच असतात, नुसत्या नावावर गाडी भलतीकडे जाऊ शकते. एसटीत असाल तर थेट कंडक्टर.

पोरांचा हात आधी मोबाईलकडे जातो, हे बजावून थांबवा. पीडितेची ओळख पसरवणं गुन्हा आहे, ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ परत घेता येत नाही.

मुलगी सुटल्यावर "तू तिथं कायले गेली होती?" हे विचारायचं नाही. "कोणाला बोलावू?" एवढंच विचारायचं आणि ते माणूस येईपर्यंत सोबत थांबायचं. ती अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्याची शिक्षा मुलांना होत नाही, मोठ्यांना होते. त्यामुळे वर्गात कुणी काही सांगायला आलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. कुणाला सांगावं लागेल ते आधीच सांगा, आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर फळ्यावर कायम लिहून ठेवा.